पंखा चांगलाच होता

अमेरिकेहून आलेल्या बाईला गल्लीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘काय काय बघितलंत?’ २०२३ च्या जूनमध्ये मी मुलाकडे जाऊन आले, तेव्हा मलाही तो विचारला गेला. मी खरं तेच सांगितलं. ‘एक धरण बघितलं, एक तळं बघितलं आणि एक पंखा दुरुस्त केला.’ पंखा म्हटल्यावर सगळ्याजणी हसल्या. पण गंमत बघा, धरणाबद्दल पुढं कुणी चकार शब्द विचारला नाही, पंख्याची हकिकत मात्र प्रत्येकीने विचारून घेतली. म्हणून तीच लिहिते.

आमचा थोरला ॲरिझोना राज्यात फिनिक्सला असतो. त्याने दोन वर्षांपूर्वी एक जुना कॅम्पर घेतला होता. कॅम्पर म्हणजे चाकांवरचं घर. आपल्या टेम्पो ट्रॅव्हलरपेक्षा थोडा मोठा, आत दोन शेगड्या, हात धुवायचं बेसिन, छोटा फ्रीज, मागे पलंग, वर मुलांना झोपायला माळा. सगळं इतकं बेतशीर की एकीने ओट्याशी उभं राहायचं ठरवलं तर दुसरीने बसून राहायचं. सूनबाई आणि मी पहिल्याच दिवशी हा करार करून टाकला.

या घराच्या छपराला मधोमध चौदा इंच लांब-रुंद चौकोनी भोक असतं. त्यावर झाकण, झाकणाखाली पंखा. आपल्या कौलारू घरांना धुराडं असायचं ना, त्याचीच ही मोटार बसवलेली आवृत्ती. झाकण उघडायचं, सावलीकडची एकच खिडकी खाली थोडी सरकवायची, बाकी सगळ्या बंद ठेवायच्या आणि पंखा बाहेर हवा फेकेल असा लावायचा. वर जमलेली गरम हवा तो ओढून टाकतो आणि त्या एका खिडकीतून गार झुळूक आत येते. सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्या तर मात्र कुठूनच वारं लागत नाही. हे मला मुलाने सांगितलं, आणि मला ते लगेच पटलं, कारण माजघराचं दार लोटून परसदाराची फट ठेवली की चुलीचा धूर कसा सरळ वर जातो हे मी लहानपणी बघितलेलं होतं.

गाडीत एसीही होता. पण एसीला घरातल्यासारखी वीज लागते. म्हणजे मुक्कामाच्या जागी प्लग हवा, नाहीतर जनरेटर चालवायला हवा. पंखा मात्र बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि दोन-तीन अँपियरवर भागवतो. जिथं प्लग नाही तिथं सगळी भिस्त पंख्यावरच.

आणि आम्ही निघालो होतो ते नेमकं अशाच जागी. फिनिक्सपासून उत्तरेला साडेचारशे किलोमीटरवर लेक पॉवेल नावाचं प्रचंड तळं आहे. वाटेत फ्लॅगस्टाफ लागतं. सात हजार फुटांवरचं गाव, पाइनची झाडं, हवा अशी की शाल काढावी. तिथून खाली उतरलं की नाव्हाहो लोकांचा मुलूख सुरू होतो. लालभडक माती, दूरवर एखादं घर, रस्त्याकडेला चांदीचे आणि निळ्या खड्यांचे दागिने विकणाऱ्या बायकांच्या टपऱ्या. मी एका बाईशी खुणांनीच घासाघीस केली. तिने पाच डॉलर कमी केले आणि मी ते परत तिलाच दिले, कारण सून डोळे वटारून बघत होती.

तळ्याचं नाव जॉन वेस्ली पॉवेल या माणसावरून पडलं. लढाईत एक हात गमावलेल्या या माणसाने १८६९ साली लाकडी होड्या घेऊन कोलोरॅडो नदीचा हा अनोळखी प्रवाह पार केला. आता तीच नदी ग्लेन कॅन्यन धरणाने अडवली आहे. धरण ७१० फूट उंच. बांधकामाला आलेल्या माणसांसाठी १९५७ मध्ये पेज नावाचं गाव वसवलं, ते अजून तिथंच आहे. धरण म्हटलं की मला आपलं हिडकल आठवतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाला उघडी पडणारी माती तिथंही तशीच दिसते, फक्त इथं ती मातीऐवजी तांबड्या कड्यांवर उमटलेली पांढरी पट्टी असते. नळाच्या पाण्याने बादलीला पडते तशी. त्या साली तळं भरल्यापासूनची सगळ्यात खालची पातळी गाठली होती आणि आम्ही गेलो तेव्हा बर्फाचं पाणी येऊन ते पुन्हा चढत होतं.

आमचा मुक्काम लोन रॉक नावाच्या वाळूच्या काठावर होता. पाण्यात एकटाच उभा असलेला उंच खडक, म्हणून ते नाव. तिथं गाडी थेट वाळूवर पाण्याजवळ लावता येते. प्लग नाही, नळ नाही, झाड तर औषधाला नाही. संध्याकाळी त्या खडकावर जो रंग चढतो तो बघून मी मनात म्हटलं, एवढ्या लांब आल्याचं चीज झालं. आणि मग स्वयंपाकाला लागले.

वरणाला फोडणी दिली. मोहरी तडतडली, मिरची पडली, आणि छपरावरचा पंखा गप्प झाला. दुसऱ्या क्षणी धुराची घंटा जी कोकलायला लागली, ती काही केल्या थांबेना. मुलगा टॉवेलने वारा घालतोय, सून दार उघडतेय, नात कानावर हात ठेवून उड्या मारतेय. शेजारच्या गाडीतले एक अमेरिकन आजोबा आग विझवायचा लाल नळकांडा घेऊन धावत आले. फोडणी हा काय प्रकार असतो हे त्यांना समजावून सांगायला बराच वेळ लागला.

हसून झालं, पण पंखा काही फिरेना. आता हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, त्याचं कारण नात. सात वर्षांची पोर, तिला बाळदम्याचा त्रास. दिवस मावळला की त्या काठावर वारा सुटतो आणि मैद्यासारखी बारीक लाल धूळ उडते. खिडक्या उघडल्या की धूळ आत, बंद केल्या की भट्टी. पंखा चालू असता तर पाण्याकडची एक खिडकी बोटभर उघडून भागलं असतं. बाहेर जून महिना, दिवसभर पस्तीस डिग्री तापलेला पत्रा. रात्री अकरापर्यंत आतली हवा निवली नाही. पोरीला दोनदा पंप द्यावा लागला. सून काही बोलली नाही, पण उद्या सकाळी परत निघायचं हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मुलाची वर्षाची एवढीच रजा आणि पोरीची ही पहिलीच सहल.

मुलाने रात्रीच बॅटरी घेऊन तपासणी केली. तो कॉम्प्युटरवाला असला तरी हाताने काम करायला त्याला कमीपणा वाटत नाही. आधी सोप्या गोष्टी बघितल्या. या पंख्यांना एक बारीक स्विच असतो, झाकण पुरतं उघडल्याशिवाय मोटार फिरतच नाही. झाकण पुरतं उघडं होतं. तापमानाचं बटण असतं. ते खोलीपेक्षा जास्त गरमीवर लावलं असेल तर पंख्याला वाटतं आपलं काम नाही. तेही ठीक होतं. पाऊस ओळखणारी एक छोटी पट्टी असते, तिच्यावर ओल किंवा घाण बसली तरी झाकण मिटतं. ती पुसली. मग फ्यूज. पंख्याचा स्वतःचा एक आणि गाडीच्या मुख्य पेटीतला एक. दोन्ही शाबूत. शेवटी त्याने आतलं प्लॅस्टिकचं कडं स्क्रू काढून उतरवलं आणि पंख्याकडे येणाऱ्या दोन वायरींवर मीटर लावलं. आकडा आला १२.४.

‘वीज येतेय. म्हणजे मोटार गेली,’ तो म्हणाला. ‘नवा पंखाच घ्यावा लागणार, तीनशेच्या आसपास जातील.’ 

मी पलंगावर पडून ऐकत होते. तीनशे डॉलर म्हणजे किती हा हिशोब मनात झालाच, पण डोळा लागत नव्हता तो त्यामुळे नव्हे. ‘वीज येतेय, मोटार गेली’ हे वाक्य मी आयुष्यात हजार वेळा ऐकलेलं होतं.

आमच्या यांचं उद्यमबागेच्या रस्त्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. तीस वर्षं चाललं. हे गेल्यावर बंद केलं. दुपारी हे जेवून आडवे झाले की दुकानात मी बसायची. पावत्या फाडायच्या, लेदरॉइडचे कागद मापाने कापून ठेवायचे, वार्निशच्या डब्याला झाकण लावायचं. खानापूर, बैलहोंगलकडून शेतकरी पंपाची मोटार पोत्यात बांधून आणायचे आणि म्हणायचे, ‘वीज येतेय की बाई, मोटारच जळलीय.’ हे मोटार तपासायचे आणि दहातल्या तीन-चार वेळा तरी मोटार धडधाकट निघायची. मग दोन बल्ब एकापुढे एक जोडलेली वायर पिशवीत टाकून हे त्यांच्याबरोबर शेतावर जायचे. मीटर नाही, बल्ब. मी एकदा विचारलंही होतं, चांगलं मीटर घेऊन ठेवलंय ते शोभेला का? तेव्हा त्यांनी घरातल्या नळाचं उदाहरण दिलं होतं. नळ बंद असताना पाइपात दाब पुरता असतो, मग पाइप गाळाने का तुंबलेला असेना. नळ सोडला की खरं कळतं, करंगळीएवढी धार पडते. मीटर म्हणजे बंद नळ. तो वीज पितच नाही, नुसता दाब सांगतो. बल्ब वीज पितो. सांधा कुजला असेल तर बल्ब लगेच सांगतो.

आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात घोळत होती. फ्लॅगस्टाफपासून मी पाहत होते, पंखा एक नंबरवर कुरकुरत का होईना फिरायचा, तीनवर नेला की दम सोडायचा. मोटार जळलेली असती तर तिने एक काय नि तीन काय, सारखंच केलं असतं.

सकाळी चहा झाल्यावर मी म्हटलं, ‘मागच्या दिव्याचा एखादा जादा बल्ब आहे का रे?’

‘कशाला आई?’

‘तुझे बाबा लावायचे तसा लावून बघू.’

त्याने काही न बोलता डबा उघडून बल्ब दिला. शाळेतून येताना दुकानात थांबायला हा कधी तयार नसायचा. वार्निशच्या वासाने डोकं दुखतं म्हणायचा. मला वाटलं होतं त्याला काही आठवत नसेल. पण त्याने बल्बला दोन वायरी जोडल्या आणि पहिल्यांदा कुठं लावल्या तर थेट बॅटरीला. तपासणारं आधी तपासायचं, ही त्याच्या वडिलांचीच पद्धत. बल्ब लख्ख पेटला.

मग त्याच दोन वायरी वर पंख्याच्या जागी. बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा लाल झाला, बस. तसाच ठेवून मीटर लावलं. रात्रीच्या १२.४ चे जेमतेम ५ उरले होते. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. मी म्हटलं, ‘माझ्याकडे काय बघतोस, वायरीकडे बघ की.’

आता दोनच वायरी. धन तरी खराब, नाहीतर ऋण. इथं शेजारचे आजोबा उपयोगी पडले. काल आग विझवायला आलेले, आज लांबलचक वायरीचं भेंडोळं घेऊन आले. ती वायर बॅटरीच्या ऋण टोकाला जोडून खिडकीतून आत घेतली आणि बल्बचं एक टोक तिला, दुसरं पंख्याच्या धन वायरीला लावलं. लख्ख! म्हणजे धन वायर निर्दोष, खोट ऋण वायरीत. एक सांगायला हवं, आपल्याकडे काळी वायर म्हणजे ऋण अशी हाताला सवय असते. त्या गाडीत काळी धन आणि पांढरी ऋण निघाली. रंगावर विसंबून राहिलो असतो तर फसलो असतो.

बॅटरीची जोडणी सोडवली आणि पांढरी वायर हळूहळू ओढून घेतली. छपराच्या आत, भोकापासून वीतभर अंतरावर, दाबून बसवलेल्या प्लॅस्टिकच्या टोपीत सांधा होता. टोपी नुसती हलवली तर वायर हातात आली. आतलं तांबं हिरवं-काळं पडलेलं, दोनचार तारा कशाबशा चिकटलेल्या. तेवढ्या तारांतून मीटरचा दाब जात होता, पंख्याची वीज जात नव्हती. गाडी खडखडत आली, सांधा आणखी ढिला झाला, आणि माझ्या फोडणीचा मुहूर्त त्याने साधला. नवा पंखा आणून याच वायरींना जोडला असता तर तोही फिरला नसता. मग आम्ही त्या पंख्याच्या नावाने खडे फोडत बसलो असतो.

तांबं हिरवं पडतं ते ओलीने. वाळवंटात ओल आली कुठून? मुलगा शिडीवरून छपरावर चढला. पंख्याच्या चौकटीभोवती जो मलमासारखा लेप असतो तो उन्हाने तडकला होता, एका कोपऱ्यात तर नख जाईल एवढी भेग. फिनिक्सला जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस येतो तो धो धो येतो. दोन वर्षं तेच पाणी थेंबाथेंबाने या सांध्यावर उतरत होतं. ही भेग बुजवली नसती, तर दुरुस्ती पुढच्या पावसाळ्यापर्यंतच टिकली असती.

सामान आणायला पेज गाव गाठायचं होतं. माझ्या घड्याळात पाच वाजून गेलेले. दुकान सहाला बंद होतं असं आजोबा म्हणाले, आणि आम्ही घाई करतोय बघून हसायला लागले. भानगड अशी की लोन रॉक युटा राज्यात आणि पेज ॲरिझोनात. उन्हाळ्यात युटा घड्याळ एक तास पुढे करतं, ॲरिझोना करत नाही. नाव्हाहो मुलूख ॲरिझोनात असून करतो, आणि त्याच्या पोटात असलेला होपी लोकांचा मुलूख पुन्हा करत नाही. आम्हा सीमाभागातल्या लोकांना शिनोळीला पाट्यांची लिपी बदलताना बघायची सवय आहे, पण हद्द ओलांडली की गेलेला तास परत मिळतो हे मी प्रथमच बघितलं. मोबाइलने आपोआप सव्वापाचचे सव्वाचार केले. आजोबांच्या गाडीतून आम्ही धरणाजवळच्या १९५९ च्या पोलादी पुलावरून गेलो. खाली सातशे फुटांवर नदी हिरव्या रेघेसारखी. मी डोळे मिटूनच घेतले.

दुकानात आणलं ते एवढंच. गरम केल्यावर आकसून वायरीला घट्ट बसणाऱ्या नळीचे जोड, लेपाची एक ट्यूब आणि ती दाबायची बंदूक. नव्या पंख्याच्या दहाव्या हिश्शात सगळं आलं. परत येऊन मुलाने वायर खराब भागापर्यंत कापली, आतलं तांबडं तांबं दिसेपर्यंत सोलली, आजोबांच्या पक्कडीने जोड दाबला, नळीला काडीपेटीची आच दिली. तोवर मी त्याला बजावलं, धन वायरीचा जोडही त्याच वयाचा आहे, तोही बदलून टाक. तो बाहेरून चांगला दिसत होता. आत बघितलं तर काळा पडायला लागला होता.

मग पुन्हा बल्ब. लख्ख पेटला आणि मीटरचा आकडा बाराच्या खाली उतरला नाही. पंखा जोडला, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. नातीने खिडकीच्या फटीशी कागदी रुमालाची पट्टी धरली. ती सरळ आत फडफडायला लागली तेव्हा पोरीने टाळ्या वाजवल्या. छपरावरचा लेप आधी खरवडून, पुसून, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारव्यात घातला. पत्रा तापलेला असताना तो नीट बसत नाही असं मला वाटलं. ट्यूबवर काय लिहिलं होतं ते वाचायला माझा चष्मा सापडत नव्हता.

त्या रात्री पाण्याकडची खिडकी बोटभर उघडी ठेवून झोपलो. पंपाची गरज पडली नाही. सून अर्धवट झोपेत म्हणाली, ‘आई, पांघरूण द्याल का?’

आणखी दोन दिवस राहिलो. आजोबांना आणि त्यांच्या बाईंना थालीपीठ खायला बोलावलं. मुद्दाम फोडणीची मिरचीही केली, पंखा तीनवर लावून. घंटा वाजली नाही, पण आजोबा लाल नळकांडं घेऊनच आले होते. दाराशी ठेवलं आणि मग जेवायला बसले.